सेप्सिसनंतर बाबा घरी आलेत, पुढचे दीड-दोन महिने घरी काय-काय पाहायचं?

मानेवाडा_रोड

नमस्कार. बाबांची माहिती आधी पूर्ण देतो, म्हणजे कुणाला परत विचारावं लागणार नाही.

वय ६४, डायबेटीस पंधरा वर्षांपासून. डाव्या बाजूचा मुतखडा मूत्रनलिकेत अडकला, लघवी तुंबली, इन्फेक्शन रक्तात गेलं आणि सेप्सिस झाला, म्हणजे इन्फेक्शनमुळे किडनीसारखे अवयवच बिघडले. एकूण १३ दिवस दवाखान्यात, त्यातले ७ आयसीयूत, ४ व्हेंटिलेटरवर. डीजे स्टेंट (मूत्रनलिका उघडी ठेवणारी आतली नळी) टाकलाय, खडा अजून आतच आहे. क्रिएटिनिन (वाढलं म्हणजे किडनी कमजोर) ४.१ पर्यंत चढलं होतं, सुट्टीच्या दिवशी १.७, पोटॅशियम ४.९. कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायची तपासणी) ई-कोलाय, त्यावर ईएसबीएल पॉझिटिव्ह असं लिहिलंय, म्हणजे बरीच नेहमीची अँटिबायोटिक त्याला लागू पडत नाहीत. वजन ६६ वरून ५८.

घरी येऊन आज पाचवा दिवस. चालू औषधं: अर्टापेनेम (अँटिबायोटिक) १ ग्रॅम रोज एकदा शिरेतून (४ डोस बाकी, सिस्टर घरी येऊन देतात), ३०/७० इन्सुलिन सकाळी १८ आणि रात्री १२ युनिट, टॅमसुलोसिन (लघवीची वाट सैल करणारी) ०.४ रात्री, क्वेटियापिन २५ रात्री, पँटोप्राझोल सकाळी. अंग दुखतं म्हणून झोपताना पॅरासिटामोल ६५०. मेटफॉर्मिन (शुगरची) आणि टेल्मिसार्टन (बीपीची) सध्या बंद ठेवायला सांगितलंय.

उपाशीपोटीची शुगर सुट्टीच्या दिवसापासून अशी: १६८, १३९, १११, ९२, ८१. ही सुधारणा चांगली वाटते. ताप रात्री दहाला मोजतो, ९८.६ ते ९९.

अडचणी अशा. पलंगावरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आंघोळीत जास्त. पहाटे तीनच्या सुमारास घामाघूम होऊन दचकून उठतात, छतावर माणसं दिसतात म्हणतात. आयसीयूतली भीती असेल असं आम्ही धरून चाललोय. जेवण दोन-चार घासांवर, पाणी पिताना मधूनच ठसका. लघवीला जळजळ, कधी फिकट लालसर. घरातले म्हणतात पूर्ण आराम द्या, खाटेवरून उठवू नका. शिवाय सिस्टर रविवारी येणार नाहीत; शनिवारीच औषध बाटलीत मिसळून फ्रिजमध्ये ठेवून देतो म्हणाल्या, ते चालेल का?

आम्ही नागपूरचे, नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागायला आठ दिवस आहेत, घरात कूलर आहे, एसी नाही.

नाइट_ड्यूटी

दादा, बाकी सगळं सावकाश वाचा, आधी शुगर. ती रांग पाहून बरं वाटू देऊ नका. दर दिवसाला खाली येऊन राहिली आहे आणि आज ८१ वर आहे. इन्सुलिन मात्र तेच ३० युनिट.

दवाखान्यात हा डोस ठरला तेव्हा अंगात इन्फेक्शन भडकलेलं होतं, त्यात शुगर चढतेच. बीपी पडलेलं असताना बहुतेक वेळा हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइडही देतात, त्यानं आणखी चढते. आता इन्फेक्शन उतरलं, स्टेरॉइड थांबलं, जेवण चार घासांवर आलं. वर किडनी अजून कमजोर, म्हणजे इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकून राहतं. डोस तोच ठेवला तर रात्री शुगर पडणारच.

म्हणूनच पहाटे तीनचा घाम मला आयसीयूच्या भीतीचा वाटत नाही. रात्रीच्या ३०/७० मधला लांब चालणारा भाग त्याच सुमाराला जोरात असतो. आज रात्री तीनला गजर लावा आणि बोटातून शुगर पाहा. ७० च्या खाली असेल तर साखर किंवा ग्लुकोज पावडर ३ चहाचे चमचे, म्हणजे १५ ग्रॅम, थोड्या पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत मोजा, अजूनही ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की दोन बिस्किटं किंवा अर्धी पोळी, नाहीतर तासाभरात पुन्हा पडते. माणूस नीट जागा नसेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८.

आणि तीनपर्यंत थांबूही नका. रात्रीचं इन्सुलिन देण्याआधीच डॉक्टरांना फोन करून हे पाच आकडे वाचून दाखवा. डोस ते ठरवतील, पण आज संध्याकाळचा डोस जसाच्या तसा द्यायचा नाही हे विचारूनच घ्या. पुढचे दहा दिवस उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना अशी चारदा शुगर मोजा लागते. वहीत शुगरच्या शेजारी किती खाल्लं तेही लिहा. नुसता आकडा पाहून डॉक्टरांना काहीच कळत नाही.

ताप मोजायची वेळही बदला. रात्री दहाला, पॅरासिटामोल घेतल्यावर मोजता का? मग ताप असला तरी दिसणार नाही. गोळीच्या आधी, सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी पाच-सहाला मोजा. तोंडात मोजत असाल तर चहा-पाण्यानंतर अर्धा तास जाऊ द्या. थर्मामीटर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात कट्टा तव्यासारखा तापतो.

इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीजरच्या खाली नको. चालू शिशी बाहेर ठेवायची ती ३० अंशांच्या आत, आणि कूलरवाल्या घरात दुपारी तेवढं थंड राहतच नाही. देण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा, दोन्ही तळहातांत दहा वेळा फिरवा; हलवून फेस करायचा नाही. ग्लुकोमीटरही बहुतेक ४० अंशांपर्यंतच नीट चालतं, पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा.

फार्मसी_सीताबर्डी

रविवारच्या डोसपुरतं लिहितो.

अर्टापेनेम नॉर्मल सलाईनमध्ये मिसळल्यावर २५ अंशांच्या खोलीत ६ तास टिकतं. फ्रिजमध्ये २४ तास, आणि बाहेर काढल्यावर ४ तासांत संपवायचं. कागदावर शनिवार दुपार ते रविवार दुपार बसतं, पण काठावर. मध्ये दोन तास लाइट गेली, फ्रिजचं दार दहा वेळा उघडलं, तर ते २४ तास खरे राहत नाहीत. दिसायला औषध तसंच दिसेल, ताकद मात्र उतरलेली असेल, आणि ईएसबीएल जंतूला अर्धवट डोस मिळणं चांगलं नाही. रविवारी दुसऱ्या सिस्टरची सोय करा, किंवा जवळच्या दवाखान्यात डे-केअरला जाऊन घ्या. अर्ध्या तासाचंच काम आहे.

मिसळताना डेक्स्ट्रोज वापरायचं नाही, त्यात हे औषध टिकत नाही. ५० एमएल नॉर्मल सलाईन, अर्ध्या तासात सोडायचं. घाईनं ढकलायचं नाही. कुणाला फिट्सची व्हॅल्प्रोएट गोळी चालू असेल तर हे औषध तिची पातळी धाडकन पाडतं. तुमच्या यादीत ती नाही, तरी डॉक्टरांपासून लपवलेली जुनी गोळी घरात नाही ना, पाहून घ्या.

तुमचे आकडे घालून पाहिले तर क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती एमएल रक्त साफ करते) ३६ च्या आसपास येतो. ३० किंवा त्याखाली गेला तर डोस ५०० मिलिग्रॅम होतो. म्हणून हा कोर्स संपायच्या आधीच एकदा क्रिएटिनिन करून घ्या. किडनी पुन्हा घसरली आणि डोस तोच राहिला तर बडबड, थरथर, फिट्सपर्यंत जाऊ शकतं. मग घरचे त्यालाही आयसीयूची भीती म्हणतात.

हातातली सुई: आजूबाजूला लाल, कडक, दुखणारी रेघ दिसली किंवा सलाईन बाहेर फुगायला लागली तर त्याच वेळी काढून दुसऱ्या हाताला लावायची. चार डोस उरलेत तर चालवून घेऊ, असं करू नका.

धंतोलीकर_काका

एवढी औषधं आणि मोजमाप वाचूनच माणूस आजारी पडेल. घरचं जेवण, रोज एक शहाळं, संत्र्याचा रस आणि पंधरा दिवस पूर्ण विश्रांती. किडनीला शहाळ्यासारखं काही नाही.

फिजिशियन_रामदासपेठ

काका, विश्रांतीचं फिजिओ सांगतीलच, शहाळ्याचं मी सांगतो. पोटॅशियम ४.९ आणि क्रिएटिनिन १.७ असलेल्या माणसाला रोज शहाळं देऊ नये. एका शहाळ्यात साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम असतं. संत्र्याच्या रसातही बरंच असतं, शिवाय साखर. उन्हाळ्यात पाणी हवंच, त्यासाठी माठातलं पाणी, पातळ ताक, ज्वारीची आंबील चालेल. बीपीवाल्यांसाठी विकतात ते कमी सोडियमचं मीठ घरात असेल तर बाबांच्या ताटातून आजच काढा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. रक्ताचा रिपोर्ट चांगला आल्यावर शहाळं परत सुरू करू.

मानेवाडा_रोड, चक्कर येते त्याचं नेमकं मोजमाप घ्या. पाच मिनिटं झोपून किंवा बसून बीपी, मग उभं करून १ मिनिटानं आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर ते उभं राहिल्यावर बीपी पडणं. तुमच्या यादीत त्याला कारणीभूत दोन गोळ्या आहेत: टॅमसुलोसिन आणि क्वेटियापिन, दोन्ही रात्रीच्या. त्यात उन्हाळा, कमी पाणी आणि डायबेटीसमुळे दमलेल्या नसा.

क्वेटियापिन आयसीयूतल्या भ्रमासाठी सुरू झालं असणार. सुट्टीच्या कागदावर ते कधी थांबवायचं हे लिहिलेलं नसतं, आणि मग माणूस सहा महिने घेत राहतो. तारीख मागून घ्या. पँटोप्राझोलचंही तसंच, बऱ्याचदा व्हेंटिलेटरवर असताना पोटात अल्सर होऊ नये म्हणून सुरू केलेलं असतं आणि पुढे चालूच राहतं. टेल्मिसार्टन मनानं परत सुरू करू नका. किडनी आणि पोटॅशियमचा रिपोर्ट पाहूनच, आणि सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी तोच रिपोर्ट पुन्हा. मेटफॉर्मिनही किडनी स्थिर झाल्यावरच. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा दुकानदार पुडीत बांधून देतो त्या गोळ्या अजिबात नको; पॅरासिटामोलच बरं.

पहिली भेट सुट्टीनंतर सात दिवसांत व्हायला हवी. तोपर्यंत काही बिघडलं नाही तरी जायचं. सोबत क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, सीबीसी.

परत कधी न्यायचं, हा मुख्य प्रश्न. अमेरिकेतल्या आकड्यांनुसार सेप्सिसमधून वाचलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोक ९० दिवसांत पुन्हा भरती होतात, आणि त्यात मोठा वाटा दुसऱ्या इन्फेक्शनचा असतो. खाली लिहिलंय त्यातलं एक जरी दिसलं तरी सकाळ व्हायची वाट पाहायची नाही: हुडहुडी भरून थंडी, नव्यानं गोंधळलेलं बोलणं किंवा उठवूनही न उठणं, पूर्ण ६० सेकंद छाती पाहून मोजलेला श्वास २४ च्या वर, बसलेलं असताना वरचं बीपी १०० च्या खाली, आरामात नाडी ११० च्या वर, ऑक्सिजन ९२ च्या खाली, आठ तासांत लघवीच नाही, गुडघ्यांभोवती निळसर जाळी. नुसता १००.४ ताप असेल तर त्याच दिवशी फोन. तापमान ९६.८ च्या खाली गेलं तरी तेवढंच गंभीर. म्हाताऱ्या आणि डायबेटीसच्या माणसांत सेप्सिस तापाशिवायही येतो.

कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य ठरवून ठेवा: याच महिन्यात सेप्सिस झालाय, आत डीजे स्टेंट आहे, जंतू ईएसबीएल ई-कोलाय. कल्चरचा कागद फाइलच्या सगळ्यात वर लावा आणि फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. मेडिकलला न्या, मेयोला न्या (दोन्ही नागपूरची सरकारी रुग्णालयं) किंवा खासगीत न्या, हा कागद नसेल तर पहिलं अँटिबायोटिक अंदाजानं निघतं, आणि साध्या सेफ्ट्रियाक्सोन अँटिबायोटिकला ईएसबीएल जुमानत नाही.

मानेवाडा_रोड

काल रात्रीच फोन केला. रात्रीचा डोस १२ वरून ८ केला, सकाळचा १८ वरून १४. तरी तीन वाजता मोजली तर ६२ निघाली, घाम होताच. साखर दिल्यावर पंधरा मिनिटांत ९४. त्यानंतर सहा वाजेपर्यंत झोपले. रात्रीचा डोस आज आणखी कमी केलाय. म्हणजे छतावरची माणसं शुगरमुळेच होती का?

बीपी: बसून ११८/७०, उभं राहून १ मिनिटानं ९८/६२, ३ मिनिटांनी ९४/६०.

नाइट_ड्यूटी

काही रात्री शुगरमुळे, काही रात्री खरंच आयसीयूमुळे. दोन्ही असू शकतं. म्हणून दचकून उठले की आधी बोटातून थेंब, मग समजूत. शुगर ठीक असताना माणसं दिसली तर हुज्जत घालायची नाही. "कुणी नाही, झोपा" म्हटलं की ते जास्त घाबरतात. दिवा लावा, चष्मा द्या, घड्याळ दाखवा, आपण कुठे आहोत ते सांगा: आपलं घर, मानेवाडा, पहाटेचे तीन.

दिवसा खिडकी उघडी, सकाळी सात ते नऊ उजेडात बसवायचं. दुपारची झोप पाऊण तासाच्या वर नको. झोपेसाठी अल्प्राझोलम किंवा शेजाऱ्याकडची गोळी देऊ नका, गोंधळ वाढतो आणि रात्री उठताना पडतात. व्हेंटिलेटरवरच्या त्या चार दिवसांचं त्यांना सलग काही आठवत नसणार, तुकडे आठवतात आणि मध्ये मन आपलं भरतं. कोणत्या दिवशी नळी घातली, कधी काढली, कोण भेटायला आलं, हे तारीखवार एका कागदावर लिहून दुपारी वाचून दाखवा. फोटो असतील तर तेही, पण त्यांना पाहायचे असतील तरच. महिनाभरानंतरही झोप उडालेली, दवाखान्याचं नाव काढलं की छाती धडधडते, रडू येतं असं राहिलं तर मानसोपचाराला दाखवा. १४४१६ ही टेली-मानसची फोन लाइन आहे, मराठीत बोलता येतं.

पुढचे काही महिने पैशाचे व्यवहार आणि गोळ्यांची जबाबदारी एकट्यावर टाकू नका. लक्ष लागत नाही, चेक लिहिताना चुकतात, नाव आठवत नाही, आणि चिडचिड होते ती त्याचीच. केस साधारण दोन-तीन महिन्यांनी गळतील, मूठभर. घाबरायचं नाही, परत येतात. नखांवर आडवी खाच दिसली तरी तेच. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, ती खाच मुळापासून किती पुढे गेली यावरून आजारपण कधी झालं तेही सांगता येतं.

पाय_जमिनीवर

फिजिओ. घरातल्यांचा पूर्ण आराम आजपासून बंद. आयसीयूत पहिल्या दहा दिवसांतच मांडीचा स्नायू जवळपास सहाव्या हिश्श्यानं कमी होतो, आणि बाबांचं उतरलेलं ८ किलो वजन बहुतेक तेच आहे. खाटेवर पडून ते परत येत नाही. पण बीपी उभं राहिल्यावर २४ नं उतरतंय, म्हणून आज चालायला लावू नका. क्रम असा.

उठण्याआधी पलंगावरच घोटे वर-खाली ३० वेळा, मुठी आवळून सोडणं २० वेळा. मग कुशीवर वळून बसायचं, पाय खाली सोडून २ मिनिटं. चक्कर नसेल तर उभं, पलंगाला पोटऱ्या टेकवूनच, आणखी १ मिनिट. अंधारी आली तर तिथेच बसायचं. हे दिवसात प्रत्येक वेळी, रात्री लघवीला उठतानाही. टॅमसुलोसिन रात्रीचं असल्यामुळे पहाटे दोन-तीनचं उठणं सगळ्यात धोक्याचं. पलंगाजवळ युरिनलचं भांडं ठेवा. आंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्यानं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी आणखी उतरतं. दाराची कडी आतून लावायची नाही.

पहिला आठवडा: तिन्ही जेवणं खुर्चीत, प्रत्येक वेळी अर्धा तास. खुर्ची ४५ सेंटीमीटर उंच, हातांची, पाठ भिंतीला लावलेली. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते. खुर्चीतून उठणं-बसणं ५ वेळा, दिवसातून ३ वेळा. हात लावून उठले तरी चालेल. बसताना मात्र धपकन बसू द्यायचं नाही, ३ मोजत खाली यायचं. मांडीला खरा व्यायाम खाली येतानाच मिळतो. बीपी सावरलं की घरातच खोलीभर चालणं, एका वेळी २ ते ३ मिनिटं, दिवसातून ४ वेळा. दर दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवा. चालताना एक वाक्य सलग बोलता यायला हवं; शब्दाशब्दाला धाप लागली किंवा ऑक्सिजन ९० च्या खाली गेला तर थांबा. सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतरच. दुपारच्या ४५ अंशांत गच्चीवर फिरवायचं धाडस नको.

वाढवायचं की नाही हे त्याच दिवशी कळत नाही, दुसऱ्या सकाळी कळतं. सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त गळून गेल्यासारखं वाटत असेल तर काल केलेल्यातून एक तृतीयांश कमी करा. एके दिवशी बरं वाटलं म्हणून तिप्पट चालतात आणि पुढचे दोन दिवस पडून राहतात, हे नेहमीचं आहे.

एक लहान गोष्ट नक्की पाहा. चालताना एका पायातली चप्पल निसटते का? पंजा वर उचलला जात नसेल तर चप्पल मागे राहते. आयसीयूत गुडघ्याबाहेरची नस दबली असू शकते. लवकर दाखवलं तर पट्टी आणि व्यायामानं फायदा होतो, नाहीतर टाच आखडते. देशी संडास असेल तर निदान महिनाभर कमोडची खुर्ची आणा.

वाटीभर_वरण

आहाराचं. किडनी अजून सावरतेय म्हणून प्रोटीन बंद, हा सल्ला घरोघरी मिळतो आणि स्नायू तिथेच अडतात. डायलिसिस नसताना, क्रिएटिनिन खाली येत असताना, ५८ किलोला दिवसाला ६० ते ७० ग्रॅमचं लक्ष्य ठेवून डॉक्टरांची संमती घ्या. ताटात ते असं दिसतं: सकाळी २ अंडी (१२ ग्रॅम) आणि २०० एमएल दूध (६), दुपारी ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण (७), वाटीभर दही (५), २ पोळ्या (५), ५० ग्रॅम पनीर (९), संध्याकाळी मूठभर फुटाणे (६), रात्री मुंगवड्यांची भाजी किंवा ३० ग्रॅम बेसनाचं चून (७) आणि एक-दीड पोळी (४), झोपताना दूध (६). बेरीज ६७. पातळ वरणाचं नुसतं पाणी प्यायला देऊन प्रोटीन मिळालं म्हणू नका. फुटाणे चावताना ठसका लागत असेल तर दळून ताकात.

एका वेळी चार घासच जातात, तर दिवसातून सहा वेळा चार घास. झोपतानाचं दूध इन्सुलिन रात्रीचं असेपर्यंत चुकवू नका. तोंडाला चव नसेल तर जीभ पाहा. पुसून न निघणारा पांढरा थर असेल तर अँटिबायोटिकनंतरची बुरशी आहे, तोंडात लावायचं औषध मिळतं. दिवसातून तीन किंवा जास्त पातळ जुलाब झाले तर जुलाब थांबवायची गोळी न देता डॉक्टरांना कळवा. अँटिबायोटिकमुळे आतड्यात वाढणारा एक जंतू त्या गोळीनं आतच कोंडला जातो.

पाण्याचा ठसका: नळी चार दिवस घशात होती, त्यामुळे गिळणं मंद पडतं. पूर्ण ताठ बसवून, चमच्यानं किंवा लहान घोटानं, टीव्ही बंद करून, एका घोटानंतर दुसरा. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गिळल्यावर आवाज ओला, घोगरा येत असेल किंवा जेवणाच्या वेळीच खोकला येत असेल तर अन्न श्वासनलिकेत जातंय. गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर पाण्यापेक्षा आंबीलीसारखं दाट बरं जातं. दात दिवसातून दोनदा घासा, कवळी रात्री काढा. तोंडातली घाणच छातीत न्यूमोनिया होऊन बसते.

फिजिशियन_रामदासपेठ

घशावरून एक आठवलं. व्हेंटिलेटरनंतर काही आठवड्यांनी श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला तर ते श्वासनलिका आकसल्याचं लक्षण असू शकतं. त्याला दमा समजून महिनोन्‌महिने पंप देतात. दमा आधी कधीच नसेल तर घसा-नाकवाल्यांना दाखवा. आवाज घोगरा महिन्याच्या पुढे राहिला तरीही.

बीपी तुमचं स्पष्ट उतरतंय. हे तीन आकडे क्वेटियापिन आणि टॅमसुलोसिन लिहिणाऱ्या डॉक्टरांना आजच कळवा, भेटीची वाट पाहू नका.

स्टेंटचं: लघवीला जळजळ, वारंवार जावंसं वाटणं, लघवी करताना कमरेत कळ, चालल्यावर फिकट लाल लघवी, हे स्टेंटमुळे होतं आणि तो निघेपर्यंत राहील. लाल गाठी, लघवी अडणं किंवा सोबत थंडी-ताप असेल तर वेगळी गोष्ट. स्टेंट आत असेपर्यंत लघवीच्या साध्या तपासणीत पस सेल (पूच्या पेशी) दिसणारच. ते पाहून कुणी परत अँटिबायोटिक सुरू करत असेल तर विचारा, लक्षण कोणतं आहे? खडा काढायच्या आधी मात्र कल्चर लागतंच, आणि त्यात जंतू आला तर त्याप्रमाणे औषध देऊनच ऑपरेशन.

फ्लू आणि न्यूमोनियाची लस पहिल्या भेटीतच विचारा, फ्लूची पावसाळ्याआधी झालेली बरी. सरकारी आरोग्य योजनेतून भरती झाले असतील तर सुट्टीनंतरची औषधं आणि तपासण्या पॅकेजमध्ये किती दिवस बसतात ते दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून विचारून घ्या, बिल करून झाल्यावर उपयोग नसतो.

मानेवाडा_रोड

सुट्टीच्या कागदावर "स्टेंट रिमूव्हल आफ्टर फॉलो-अप" एवढंच आहे, तारीख नाही. उशीर झाला तर काय होतं?

नाइट_ड्यूटी

त्यावर क्षार बसतात, खडा चढतो, वरचं आणि खालचं टोक दगडासारखं होतं. मग दुर्बिणीनं दहा मिनिटांत ओढून काढायच्या ऐवजी फोडून काढा लागते, कधी दोन-दोन ऑपरेशनं. साधारण तीन महिन्यांची कमाल मुदत धरतात, ज्याला खडेच होतात त्याच्या स्टेंटवर अजून लवकर चढतात. जळजळ कमी झाली की लोकं विसरतात. काढायची नेमकी तारीख युरोलॉजीवाल्यांकडून फोनवर घ्या आणि आजच फाइलच्या पुठ्ठ्यावर, कल्चरच्या कागदाच्याही वर, मार्करनं लिहा. फ्रिजवरच्या कॅलेंडरवरही. आणि बाबांच्या नाही, तुमच्या मोबाइलमध्ये गजर लावा, तारखेच्या दहा दिवस आधीचा, म्हणजे कल्चरला वेळ उरतो.